सोलापूरचा हापसा आणि आफ्रिकेतील गावे

आफ्रिकेतल्या खेड्याला स्वच्छ पाणी द्यायचे असले की बहुतेक ठिकाणी काम एका कूपनलिकेपासून आणि तिच्यावर बसवलेल्या हातपंपापासून सुरू होते. युगांडा, घाना, माली, सुदान, झांबिया अशा अनेक देशांत हा पंप एकाच घडणीचा दिसतो : तीन पायांची पोलादी बैठक, तिच्यावर पाण्याची छोटी टाकी, त्यावर साखळी सामावणारे चौकोनी डोके आणि मागे लांब, जड दांडा. त्याचे नाव इंडिया मार्क टू. या पंपाचा थेट पूर्वज सोलापूर शहरात तयार झाला आणि ‘सोलापूर पंप’ याच नावाने जगाच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात त्याची नोंद आहे. बार्शी तालुक्यातले वैराग सोलापूरपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. तिथल्या वाड्यावस्त्यांवर ज्याला हापसा म्हणतात तो आणि युगांडातल्या शाळेच्या अंगणातला पंप एकाच घराण्यातले आहेत. त्यामुळे आफ्रिकेतील गावाची पाणी योजना कशी उभी राहते, कशाने टिकते आणि कशाने बंद पडते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर याच जिल्ह्याच्या अनुभवात सापडते.

या नात्याचे पहिले कारण खडक आहे. सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. पडलेले पाणी मुरते ते काळ्या पाषाणात. बेसॉल्टचा अखंड थर पाणी धरत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, कुजलेल्या खडकात, भेगांत, किंवा दोन लाव्हाथरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. म्हणून एका शेतातली विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी, हा अनुभव इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा फार मोठा भाग ग्रॅनाइट आणि नाइस यांसारख्या प्राचीन स्फटिकी खडकावर वसलेला आहे. खडकाची जात निराळी, पण पाणी सापडण्याची रीत तीच : वर कुजलेल्या खडकाचा थर, खाली भेगा, दोन्हींत मोजके पाणी. अशा खडकातली कूपनलिका तासाला हजार-दोन हजार लिटर देते, कधी त्याहून कमी. मोठ्या शहराच्या पाण्याला ती पुरत नाही, पण हाताने उपसायच्या पंपाला पुरते. कठीण खडकाच्या प्रदेशात हातपंप टिकून राहिला तो या हिशेबामुळे. तो केवळ गरिबीचा इलाज म्हणून आलेला नाही.

कूपनलिकेपूर्वी गावाचे पाणी आडाचे, विहिरीचे, ओढ्यातल्या झऱ्याचे आणि बारवेचे होते. बारवेचे बांधकाम कितीही देखणे असले तरी आरोग्याच्या दृष्टीने तिच्यात एक मोठा दोष होता. पाणी भरणारा माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालत असे. नारूचा रोग याच वाटेने पसरला. नारूच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवात वाढतात. तो जीव पाण्याबरोबर पोटात गेला की साधारण वर्षभराने मीटरभर लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर येऊ लागते. आग आणि ठणका असह्य होतो, माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच वेळी हजारो अळ्या पाण्यात सुटतात. पेरणीच्या दिवसांत घरातली कर्ती माणसे महिना-महिना अंथरुणाला खिळत. नारूवर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक, गुजरात यांच्याबरोबर महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. देशाचा निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून पोहऱ्याने शेंदण्याच्या केल्या गेल्या, पाणी फडक्याने गाळून घेण्याची सवय लावली गेली, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे औषध टाकले गेले आणि गावोगाव हातपंप बसले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. जगात १९८६ च्या सुमारास वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे, आता मूठभर रुग्ण उरले आहेत आणि तेही आफ्रिकेतल्या मोजक्या देशांत. औषधावाचून, केवळ पाणी आणि सवयी सुधारून एक रोग संपत आणला गेला, हे स्वच्छ पाण्याच्या बाजूने देता येणारे सर्वांत भक्कम उदाहरण आहे.

पाणवठ्याचा दुसरा प्रश्न हक्काचा होता. महाराष्ट्रात तो टाळून पाण्याविषयी बोलताच येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्यानंतरही अनेक गावांत विहिरीवर दुसऱ्याने वरून पाणी वाढेपर्यंत ताटकळणाऱ्या बाया होत्या. हातपंपाने हा भेद मिटवला असे म्हणणे खोटे ठरेल, पण दोन गोष्टी त्याने निश्चित बदलल्या. कूपनलिका दलित वस्तीत स्वतंत्रपणे घेता येऊ लागली. आणि तिच्यातले पाणी बंद नळीतून वर येत असल्याने ‘पाणी बाटले’ या आक्षेपाला आधार उरला नाही. पंप कोणत्या वस्तीत, कोणाच्या घरासमोर बसवायचा हा निर्णय म्हणूनच तांत्रिक असतो तितकाच सामाजिक असतो. आफ्रिकेतल्या गावांत जातीची जागा कधी कुळ घेते, कधी मुखियाचे घर, कधी स्थानिक आणि स्थलांतरित हा भेद. जागा भूजलतज्ज्ञाने दाखवलेल्या दोन-तीन ठिकाणांतून सगळ्या गावाने, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायांनी निवडावी, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

कठीण खडकात झटपट भोक पाडण्याचे यंत्र भारतात मोठ्या प्रमाणावर आले ते दुष्काळामुळे. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या १९६७ च्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी विंधनयंत्रे आणली. खडकात पहार-सुरुंगाने विहीर खणायला महिने लागत, तिथे या यंत्राने एक-दोन दिवसांत कूपनलिका तयार होऊ लागली. महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. राज्यभर कूपनलिका घेतल्या जाऊ लागल्या. परंतु त्यांच्यावर बसवलेले पंप मात्र टिकेनात. ते बिडाचे होते आणि युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी, म्हणजे एका कुटुंबासाठी बनलेल्या पंपांच्या नकला होत्या. १९७० च्या दशकाच्या मध्यावर झालेल्या पाहणीत एका वेळी चारांपैकी सुमारे तीन पंप नादुरुस्त आढळले. यंत्राने भराभर पाडलेली भोके होती, खाली पाणी होते आणि वर मोडका पंप होता.

हे का झाले ते आकड्यांत मांडले की नीट कळते. त्या काळातल्या सरकारी निकषानुसार माणशी दिवसाला ४० लिटर पाणी आणि २५० माणसांमागे एक हातपंप धरलेला होता. म्हणजे एका पंपाने दिवसाला १०,००० लिटर पाणी उपसायचे. मार्क टूच्या सिलिंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची हालचाल १२५ मिलिमीटर. या मापाने एका हापशाला जेमतेम ४०० मिलिलिटर पाणी वर येते. मग १०,००० लिटरसाठी दिवसाला २५,००० वेळा दांडा खालीवर व्हायला हवा, वर्षाला ९० लाखांहून अधिक वेळा. मिनिटाला ४० हापसे या वेगाने हे काम दहा तासांहून जास्त चालते, तेही मध्ये क्षणभर न थांबता. अख्खे गाव ज्यावर रोज उभे राहते असे यंत्र आणि एका घराचे यंत्र यांत इतका फरक असतो.

हा फरक ओळखून काम केले ते महाराष्ट्रातल्याच दोन ठिकाणच्या लोकांनी. जालना येथे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने १९६० च्या दशकात कूपनलिकांचे काम हाती घेतले होते. तिथे बिडाऐवजी पोलादाचा, साध्या रचनेचा ‘जालना पंप’ तयार झाला. त्यापुढचे पाऊल सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेने टाकले. तिथे काम करणारे स्वीडनचे ऑस्कर कार्लसन यांच्या रचनेतून सोलापूर पंप आकाराला आला. या प्रयत्नांतून जी घडण सिद्ध झाली तिचे मर्म तीन गोष्टींत आहे. जुन्या पंपाच्या दांड्याला अनेक खिळी असत आणि त्या सगळ्या झिजत. नव्या पंपात एकच आस ठेवला आणि तो बंदिस्त बॉल बेअरिंगवर बसवला, त्यामुळे रोज तेल-वंगण घालण्याची गरज राहिली नाही. दांड्याच्या टोकाला वर्तुळखंडाचा आकार देऊन त्यावरून साखळी सोडली. त्यामुळे दांडा गोलात फिरला तरी खालची सळई सरळ रेषेतच वर-खाली होते आणि बाजूला घासत नाही. आणि पंपाची बैठक कूपनलिकेच्या केसिंग पाइपावर टोपीसारखी बसवून काँक्रीटमध्ये पक्की केली. त्यामुळे वरचे सांडपाणी नळीत उतरण्याची वाट बंद झाली. आरोग्याच्या दृष्टीने या तिसऱ्या सुधारणेचे मोल पहिल्या दोन्हींपेक्षा कमी नाही, पण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

सोलापूर पंप त्या काळातला सर्वांत टिकाऊ मानला गेला. मात्र तो एका कार्यशाळेत घडत होता आणि देशाला लाखो पंप हवे होते. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी सोलापूर पंपाचा आधार घेऊन कारखान्यात मोठ्या संख्येने काढता येईल असा नमुना विकसित करण्याचे ठरवले. मद्रासच्या यांत्रिकी संशोधन संस्थेने आणि रिचर्डसन अँड क्रूडास या कंपनीने त्यावर काम केले, कोइमतूर भागातल्या खोल कूपनलिकांवर चाचण्या झाल्या आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंडिया मार्क टूचे उत्पादन सुरू झाले. भारतीय मानक संस्थेने त्यासाठी आयएस ९३०१ हे मानक ठरवून दिले. या रचनेवर कोणाचीही खासगी मालकी ठेवली नाही. मानक पाळणाऱ्या कोणत्याही कारखान्याला तो बनवता येऊ लागला, कारखान्यातून निघणाऱ्या मालाची स्वतंत्र तपासणी होऊ लागली आणि एका कारखान्याची साखळी दुसऱ्याच्या पंपाला बसू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात असे सुमारे ५० लाख पंप बसले होते. एका जिल्ह्याच्या गावी सुरू झालेले हे काम जगातल्या सर्वाधिक वापराच्या हातपंपापर्यंत पोहोचले, ते त्यावर मालकी सांगितली गेली नाही म्हणून. ही गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

पंपातल्या बळाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पाणी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावर उभ्या असलेल्या पाण्याच्या स्तंभाचे वजन सुमारे ९५ किलो होते. त्यात १२ मिलिमीटर जाडीच्या सळयांचे पंचवीसेक किलो मिळवले की एकंदर १२० किलोच्या घरात ओझे जाते. दांड्याचे प्रमाण आठास एक असल्याने हातावर त्यातले पंधराएक किलो येते आणि दांड्याचे स्वतःचे वजन त्यातही मदत करते. त्यामुळे दहा-बारा वर्षांची मुलगीही पाणी हापसू शकते. पातळी ४५ ते ५० मीटरच्या खाली गेली की हा पंप व्यवहारात निरुपयोगी होतो. ही मर्यादा पुढच्या विवेचनात फार महत्त्वाची ठरणार आहे.

मार्क टूला एक कमतरता जन्मापासून होती. वरचे डोके दणकट, पण खालचे चामड्याचे वायसर झिजणारच. ते बदलायचे तर सिलिंडर वर काढावा लागतो आणि सिलिंडर काढायचा तर ३२ मिलिमीटरचे सगळे लोखंडी पाइप एकेक करून उपसावे लागतात. त्याला चार-पाच माणसे, खास हत्यारे आणि गाडी लागते. म्हणून भारतात त्रिस्तरीय व्यवस्था उभी राहिली : गावात पंपाची काळजी घेणारा माणूस, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसह फिरते पथक. महाराष्ट्रात पंचायत समितीकडे हातपंप दुरुस्तीची पथके आली आणि ग्रामपंचायतीने दरवर्षी प्रत्येक पंपामागे देखभाल-दुरुस्तीची वर्गणी भरायची पद्धत बसली. जिथे वर्गणी थकली तिथे गाडी उशिरा येऊ लागली, हे पुढे सगळीकडेच घडले. १९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांचे पेयजल दशक होते. त्या काळात गावालाच दुरुस्त करता येईल असा पंप हवा, हा विचार जगभर पुढे आला. त्यातून इंडिया मार्क थ्री आला. त्याचा पाइप रुंद, त्यामुळे दट्ट्या पाइपातूनच वर ओढून वायसर बदलता येते. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून ग्रामीण बाया पंप दुरुस्तीत तरबेज झाल्या आणि पाने-हत्यारे घेऊन गावोगाव जाऊ लागल्या. पाण्यावाचून ज्यांचे अडते त्यांच्याच हाती पाना गेला की पंप लवकर सुरू होतो, एवढे त्या कामाने सिद्ध केले. मराठी मुलखात हे पुरेसे रुजले नाही, याची खंत वाटायला हवी.

आफ्रिकेत मार्क टू गेला तो बहुतांशी युनिसेफ आणि देणगीदार संस्थांच्या प्रकल्पांतून. पंप पोहोचला, पण त्याच्यामागे भारतात उभे असलेले जाळे पोहोचले नाही. भारतात एका तालुक्यात शेकडो पंप, त्यामुळे वायसर, साखळी, बेअरिंग विकणारे दुकान तालुक्याच्या गावी चालते. आफ्रिकेत वस्ती विरळ, जिल्हा अफाट आणि त्यात पंप थोडे, तेही वेगवेगळ्या देणगीदारांनी आणलेले वेगवेगळ्या जातींचे. अशा ठिकाणी सुटे भाग ठेवणे कोणत्याही दुकानदाराला परवडत नाही. शंभर रुपयांच्या वायसरसाठी राजधानीपर्यंत प्रवास करावा लागला तर ते वायसर शंभर रुपयांचे राहत नाही. २००९ च्या सुमारास केलेल्या संकलनात सहाराच्या दक्षिणेकडील देशांतले अंदाजे एकतृतीयांश हातपंप बंद आढळले, त्याचे मोठे कारण हे. काही देशांनी त्यावर आपला मार्ग शोधला. झिंबाब्वेत १९३० च्या दशकापासून स्वतःचा ‘बुश पंप’ आहे आणि देशभर तोच वापरला जातो. मलावी आणि केनियात १९८० च्या दशकात ‘आफ्रिदेव’ हा पंप विकसित झाला. त्यात प्लास्टिकचे पाइप आहेत आणि मोजक्या हत्यारांनी गावकरी तो उघडू शकतात. युगांडाने मार्क टू स्वीकारून त्याला ‘यू-टू’ या नावाने राष्ट्रीय मानक केले. पंप कोणता निवडला यापेक्षा देशाने एक-दोन प्रकार ठरवून त्यांचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतील अशी सोय केली का, यावर निकाल ठरला.

एक अडचण खास तिथल्या पाण्याची होती. पश्चिम आफ्रिकेच्या पुष्कळ भागांत भूजल आम्लधर्मी आहे. पाण्याचा सामू साडेसहाच्या खाली गेला की जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गंजू लागतो. दोन-तीन वर्षांत पाइपाला भोके पडतात आणि त्याआधीच पाण्याला तांबूस रंग आणि लोखंडी चव येते. कपडे डागाळतात, शिजवलेले अन्न काळवंडते आणि बाया पुन्हा ओढ्याकडे वळतात. दिसायला स्वच्छ ओढ्याचे पाणी रोगट असते आणि तांबूस दिसणारे पंपाचे पाणी जंतूंपासून सुरक्षित असते, हे सांगून पटत नाही आणि ते साहजिक आहे. बेसॉल्टचे पाणी सहसा आम्लधर्मी नसते, म्हणून सोलापुरात हा दोष कधी जाणवला नव्हता. चांगली वस्तू दुसऱ्या भूमीत नेताना तिथल्या पाण्याची आधी परीक्षा करावी लागते. अशा ठिकाणी पोलादाऐवजी चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा प्लास्टिकचे पाइप हाच उपाय आहे.

आफ्रिकेतली सगळी उदाहरणे पंपाची नाहीत. मलावीत मुलांजे पर्वताच्या पायथ्याशी चांबे येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक योजना सुरू झाली. डोंगरावरच्या स्वच्छ झऱ्याचे पाणी केवळ उताराच्या जोरावर पाइपाने गावांत आणायचे, वीज नाही, इंजिन नाही. सरकारने पाइप आणि मार्गदर्शन दिले, चर गावकऱ्यांनी खणले, प्रत्येक गावाने आपल्या नळाची समिती नेमली. त्या पहिल्या यशावरून देशात अशा अनेक योजना झाल्या. पुढे झऱ्यांच्या वरचे रान तुटत गेले आणि लोकसंख्या वाढली तेव्हा टोकाच्या नळांना पाणी कमी पडू लागले. समिती कितीही चांगली असली तरी पाणलोटाची राखण झाली नाही तर योजना आटते.

पाणी मिळाले म्हणजे ते शुद्ध मिळाले असे नव्हे. कूपनलिकेचे पाणी जमिनीतून गाळून आलेले असल्याने उघड्या विहिरीपेक्षा सुरक्षित असते, पण ओटा फुटला, भोवती डबके साचले, गुरे तिथेच धुतली गेली, किंवा शौचालयाचा खड्डा १५ मीटरच्या आत आला की ते दूषित होते. महाराष्ट्रात गावांच्या स्रोतांची पाहणी करून धोक्याप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकून पाण्यात क्लोरीन उरले का हे पाहणारी ओटी चाचणी घेतो. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर १,००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पुरते. अर्धा तास थांबून नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. पावडर दमट खोलीत उघडी राहिली तर तिचा जोर निघून जातो, आणि मग वहीत रोज शुद्धीकरणाची नोंद असूनही गावात गॅस्ट्रोची साथ येते. क्लोरीनने फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर दात आणि हाडे बिघडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत आणि पूर्व आफ्रिकेतल्या खचदरीच्या देशांत हा प्रश्न सारखाच आहे. तिथे स्रोत बदलणे किंवा दुसरे पाणी मिसळणे भाग पडते. शेवटचा धोका घरात असतो. हंड्यात, रांजणात हात बुडाला की पंपावरून आणलेले शुद्ध पाणी पुन्हा दूषित होते. लांब दांड्याचे ओगराळे ही काही रुपयांची वस्तू या साखळीतली शेवटची कडी आहे.

आता हातपंपाच्या पुढच्या टप्प्याकडे वळता येईल. महाराष्ट्रात भूजल यंत्रणेने सौर दुहेरी पंपाची योजना आणली. एकाच कूपनलिकेत हातपंपही राहतो आणि सौरऊर्जेवर चालणारा पाणबुडी पंपही बसतो, उन्हात टाकी भरते आणि वस्तीतल्या नळांना पाणी जाते. ढगाळ दिवशी किंवा यंत्र बिघडल्यास हापसा आहेच. दुर्गम वस्त्यांसाठी ही फार शहाणी रचना आहे. आफ्रिकेत सौरपंप झपाट्याने वाढत असताना तिचा विचार तिथेही व्हायला हवा. मोठ्या गावांसाठी नळयोजना आली : विहीर किंवा जॅकवेल, ऊर्ध्ववाहिनी, उंच टाकी, वितरणवाहिनी आणि गल्लीगल्लीत पाणी फिरवणारा वॉलमन. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ पासून राबवलेल्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने खर्चाचा दहावा हिस्सा, आदिवासी गावांनी विसावा हिस्सा स्वतः उभा करावा आणि महिला ग्रामसभेची संमती घ्यावी अशी अट होती. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरटी नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर हे उद्दिष्ट ठेवले. नळ घरात आला की बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरतो. या लाभाची बरोबरी दुसरी कोणतीही योजना करू शकत नाही. परंतु नळयोजनेला रोज वीज लागते, पंपाची मोटार जळते, वाहिनी फुटते. पाणीपट्टी वसूल झाली नाही तर वीजबिल थकते आणि वीज तोडली जाते. बांधकामाचा पैसा सरकारकडून एकदा येतो, चालवण्याचा पैसा दरमहा गावातूनच यावा लागतो. आफ्रिकेतल्या बंद पंपाची आणि महाराष्ट्रातल्या कोरड्या नळाची कहाणी या ठिकाणी एकच आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न स्रोताचा आहे. हापशाची मर्यादा ४५-५० मीटर, हे वर आले आहे. सोलापूर जिल्ह्यात ऊस आणि द्राक्षबागांसाठी पाणबुडी पंपाच्या बोअर शेकडो फूट खाली गेल्या. गावाचा हापसा त्याची कुठलीही चूक नसताना कोरडा पडला, कारण त्याच्या खालचे पाणी दुसऱ्या नळीने निघून गेले. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेऊ नये असे राज्याच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने सांगितले. २००९ च्या अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आणली. कायदे चांगले आहेत, अंमल क्षीण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने कायद्याची वाट न पाहता ग्रामसभेत ठरवले की शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी पिके घ्यायची नाहीत आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायचे. त्या गावाला हे जमले याचे श्रेय यंत्राला नाही, सगळ्यांनी मिळून घेतलेल्या आणि पाळलेल्या निर्णयाला आहे. आफ्रिकेत आज सौरपंपांनी सिंचन वाढू लागले आहे. तिथल्या गावांना महाराष्ट्राने हापसा दिला, त्याबरोबर हा इशाराही द्यायला हवा : पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी राखून ठेवल्याशिवाय खोल बोअर वाढू देऊ नयेत.

वैराग आणि भोवतालच्या गावांतही नळ आल्यापासून पुष्कळ हापसे बंद पडले आहेत. काहींची डोकी गेली, काहींवर दगड-माती पडली, काही नळ्या उघड्या आहेत. उघडी नळी लहान मुलांच्या जिवावर बेतते. अशा नळ्या सुरक्षित बंद करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट निर्देश दिलेले आहेत. ज्या नळीला पाणी आहे ती मात्र बुजवू नये. टँकर वेळेवर न आलेल्या उन्हाळ्यात आणि वीज गेलेल्या आठवड्यात तीच कामी येते. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातल्या जुन्या हापशांची यादी करावी, उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची पाणीपातळी मोजावी, पाणी तपासून घ्यावे, दुरुस्त होण्याजोगे असतील ते पंचायत समितीच्या पथकाकडून चालू करून घ्यावेत, उरलेल्या नळ्यांना पक्के झाकण बसवावे, आणि गावातल्या दोन-तीन तरुण मुलींना या पंपाची दुरुस्ती शिकवावी.